मनगटापुरतं भोक

पुण्याहून तिसरा फोन, रात्री पावणेदोनला:
सर्व्हर पुन्हा पडला.
नीलम नगरच्या गच्चीवर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन.
एप्रिल आहे, फरशी अजून तापलेली,
दोन गल्ल्या सोडून टॉवेलचा एकच कारखाना चालू,
त्याच्या खटक्यावर मी लॉग वाचत जाते.

चूक किरकोळ आहे.
एक वस्तू, तिला धरणारे अनेक,
आणि किती जणांनी धरलंय त्याचा एक आकडा.
धरलं की एक वाढवायचा, सोडलं की एक कमी,
शून्य झाला की वस्तू मोडीत.
इतकं सोपं, की कुणी नीट बघितलंच नाही.

नानांच्या पाळीवाल्यांची साखर पेठेत खोली होती,
सात जण, चार वाकळा, एक बल्ब.
दाराच्या आतून खडूनं आकडा लिहिलेला.
येणाऱ्यानं एक वाढवायचा, जाणाऱ्यानं एक घटवायचा,
आणि जो शून्य लिहील त्यानं बल्ब घालवून कुलूप लावायचं.
घरमालक वीजबिलावरून भांडायचा, म्हणून हा हिशेब.

एकदा पहाटे पाळी बदलताना
इरय्या आणि दत्तू वडलाकोंडा एकदमच दारात आले.
दोघांनी वाचलं, दोन.
दोघांनी आपापल्या डोक्यात वजाबाकी केली.
इरय्यानं पुसून लिहिलं एक,
दत्तूनं तेच पुसून लिहिलं एक.
सगळे आपापल्या गावी सणाला गेलेले,
रिकाम्या खोलीत बल्ब तीन दिवस जळत राहिला.

ते परवडलं.
श्रावणात उलटं झालं.
दोघं एकदम आत शिरले, दोघांनी वाचलं शून्य,
दोघांनी लिहिलं एक.
रात्रपाळीला निघताना सिद्राम चिलकानं तो एक पुसला,
शून्य लिहिलं, बटण दाबलं, कुलूप घातलं.
आत कोपऱ्यात मल्लेशम, तापानं फणफणलेला.
झोपलेल्याकडे कोण बघतंय,
आकडा बघतात.

दुसऱ्या दिवशी नरसय्या जॉबरनं खडू नाल्यात टाकला.
तेलाचा पत्र्याचा डबा आणला, झाकणाला भोक पाडलं,
एकाच मनगटापुरतं.
येताना आपली रिकामी कांडी आत टाकायची,
जाताना एक काढायची.
एकाचा हात आत असेल तर दुसऱ्यानं थांबायचं,
न थांबून जाशील कुठं?
आणि काढता काढताच तळ चाचपायचा:
बोटांना लाकूड लागलं तर नीघ,
नुसता पत्रा लागला तर कुलूप तुझं.
हात बाहेर काढून मग डोकावायचं नाही,
तेवढ्यात दुसरा येतो, म्हणाला,
आणि दोघंही स्वतःला शेवटचे समजता.

शाळा चौथीपर्यंत, तीही तेलुगू माध्यमात.

मी त्याचंच करते आता.
वाचणं, वजा करणं, लिहिणं,
या तिघांच्या फटीत कुणीतरी शिरत होतं.
फट बुजवली. एका दमात, एकाच हातानं.
मॅनेजर विचारतो, यानं किती हळू होईल?
सांगते, मनगटाएवढं.
त्याला वाटतं झोपेत बोलतेय.

पलीकडे दोन बाजा.
नाना गेले, कारखाना भंगारात गेला,
भाऊ भिवंडीला, मी एरवी पुण्यात.
आई घर सोडत नाही, कारण नरसव्वा आत्या आहे.
आत्या सोडत नाही, कारण आई आहे.
बाहेरून धरलेलं कुणी नसलं
तरी दोघींचा आकडा एक, एक.
तो शून्यावर येतच नाही.
आमच्या धंद्यात याला गळती म्हणतात,
आणि डब्याकडे याचं उत्तर नाही.

सर्व्हर उभा राहतो.
अंधारात आई विचारते, झोपलीस?
नाही, तू?
मग आत्या कूस बदलून माझ्याकडे बघते:
झालं का गं तुझं?
एक झालं, म्हणते मी,
आणि लॅपटॉप मिटते.